साथीला पेटीवर

वहिनींनी, म्हणजे पेटी वाजवणाऱ्या माझ्या दिवंगत मित्राच्या पत्नीने, लिहायला सांगितले म्हणून हे लिहीत आहे. मुलगी अजून शिकते आहे, तेव्हा नाव घालू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली. बाकी जे घडले ते घडले तसे लिहा, असेही म्हणाल्या. माझा मित्र 2022 च्या पावसाळ्यात मिरजेच्या एका रुग्णालयात वारला, तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीस होते. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात चार ओळी आल्या आणि त्यांत नेहमीच्या रिवाजाप्रमाणे 'अल्पशा आजाराने' असे छापले होते. तो आजार वीस वर्षांचा होता, आणि त्यातली निदान दहा वर्षे तरी तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

सांगलीत कॉलेजात असताना आमची ओळख झाली. मी तबला शिकत होतो आणि मला रियाजासाठी पेटीवर नगमा धरणारा कोणीतरी हवा होता. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाल्याचे काम ऐकणाऱ्याला अगदी क्षुल्लक वाटते, कारण तालाच्या एका आवर्तनाची एकच ओळ त्याला तासभर, लयीत केसाचाही फरक न करता, पुन्हा पुन्हा वाजवायची असते, आणि त्या ओळीच्या आधाराने तबलजी कुठेही भटकून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, परत येऊ शकतो. हौशी पेटीवाले पंधरा मिनिटांत कंटाळतात आणि ओळीला वेलबुट्ट्या काढू लागतात. हा चंद्रकंसातली तीनतालाची ओळ धरून बसायचा आणि तासाभरानंतरही ती पहिल्या आवर्तनाइतकीच स्वच्छ असायची. कंटाळा येत नाही का, असे एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "तू दर वेळी नव्या जागी चुकतोस की लेका, कंटाळा कशाचा?"

तो मूळचा मिरजेचा. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवत. घर सतारमेकरांच्या गल्लीपासून जवळ होते, त्यामुळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे, लाकडाचा भुसा आणि जवारी लावताना, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जमवताना, तासन्‌तास वाजणारी एकच तार हे सगळे त्याच्या लहानपणाचा भाग होते. जवारी म्हणजे काय ते आपल्याला शाळेत जायच्या आधी कळले होते, असे तो सांगायचा, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नसावी. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला जी संगीतसभा होते, तिथे वडिलांच्या मांडीवर झोपून त्याने रात्री काढल्या होत्या. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे, आणि देशभरातले कलावंत तिथे हजेरी लावायला येतात. मिरजेच्या मुलाला मोठा कलावंत जवळून बघायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना लवकर पटत नाही.

पेटी हे वाद्य आपल्याकडे कायम थोडे उपरेच राहिले. युरोपातून आलेले, पट्ट्यांमध्ये स्वर कायमचे बांधून टाकलेले, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, न येणारे असे हे वाद्य असल्याने ऑल इंडिया रेडिओने 1940 साली त्यावर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला 1971 साल उजाडावे लागले. "एकतीस वर्षं वाळीत टाकलेलं वाद्य घेऊन बसलोय, जरा आदरानं बोला," असे तो नव्या गायकांना गमतीने म्हणायचा. पण त्या बंदीमागचा आक्षेप त्याला पूर्ण मान्य होता, आणि त्याच्या वादनाचे सगळे शहाणपण तिथूनच आले होते, असे मला वाटते. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे झुलता, कोमल गंधार पेटीच्या पट्टीत नाहीच; पट्टी दाबली तर जो स्वर निघतो, तो गायकाच्या गंधाराशेजारी उभा राहून त्याला खोटे पाडतो. त्यामुळे गायक त्या गंधारावर रेंगाळू लागला की हा बोट उचलायचा, नुसता षड्ज धरायचा, आणि गायक ऋषभावर उतरला की अलगद परत यायचा. गायक दम घेतो त्या फटीत काय भरायचे, किती भरायचे आणि मुख्य म्हणजे केव्हा काहीच भरायचे नाही, हे त्याला ज्या नेमकेपणाने कळायचे, तसे मी फार थोड्या साथीदारांत पाहिले. नुकत्याच गायला बसलेल्या मुलीची तान मध्येच तुटली, तर तो तीच तान पेटीवर पुरी करून तिला समेपर्यंत नेऊन सोडायचा, आणि तुटली हे निम्म्या श्रोत्यांना कळायचेही नाही. कार्यक्रमानंतर लोक त्या मुलीचे कौतुक करायचे. ते तसेच असायला हवे, असे त्याचे मत होते.

गायकाला दोन आकडी हजारांत बिदागी मिळते तेव्हा साथीदाराला काय मिळते, हे संयोजकांना विचारून पाहावे; त्या काळात पेटीवाल्याला शाल, नारळ आणि एसटीच्या भाड्याहून थोडे अधिक एवढेच मिळत असे. मैफल रात्री एकला संपायची, जेवण दोनला व्हायचे, आणि पहाटेच्या गाडीपर्यंतचे तीन तास संयोजकाच्या घरी किंवा लॉजवर काढायचे असायचे. त्या तीन तासांची 'सोय' केलेली असायची. पैशांच्या बाबतीत घासाघीस करणारे लोक बाटलीच्या बाबतीत मात्र अतिशय उदार असतात, हे मी अनेक गावांत पाहिले आहे, कारण बाटली देणाऱ्याला कलावंताबरोबर बसायला मिळते, आणि दुसऱ्या दिवशी गावात सांगायला एक गोष्ट मिळते. माझा मित्र त्या बैठकांत रंगायचा. तिथे तो नकला करायचा, जुन्या नाटकांतली पदे ऑर्गनसारखी वाजवून दाखवायचा. मंचावर ज्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याच्याकडे त्या खोलीत सगळे बघायचे. दारूची सुरुवात कशातून झाली याचे मला सापडलेले हे एवढेच उत्तर आहे, आणि ते पुरेसे नाही हेही मला माहीत आहे, कारण त्याच खोल्यांत बसणारे, दोन पेग घेऊन झोपणारे साथीदार आज साठीत आहेत आणि सुखाने वाजवत आहेत.

आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि तो परवाना प्रकृतिस्वास्थ्यासाठी म्हणून दिला जातो. त्याच्या पाकिटात आजीवन परवाना होता. तो काढून दाखवायची त्याला फार हौस होती.

आमच्या वर्तुळात एखादा कलावंत दारूने बिघडला की नाही, हे ठरवायची एकच कसोटी होती, ती म्हणजे वाजवणे. वाजवणे ठीक आहे ना, मग बाकीचे चालायचेच, असा हिशेब होता. आणि त्याचे वाजवणे वर्षानुवर्षे उत्तम राहिले. तो मंचावर कधी झोकांड्या देत आला नाही, त्याने कार्यक्रम बुडवला नाही, सूर चुकवला नाही. परंतु 2012 च्या सुमारास त्याचे हात सकाळी कापू लागले होते, हे वहिनींना माहीत होते. चहाची कपबशी तो दोन्ही हातांनी धरायचा. शिकवणीची मुले साडेसातला यायची, म्हणून तो सात वाजता औषधाच्या बाटलीतून दोन घोट घ्यायचा, आणि पंधरा मिनिटांत बोटे पट्ट्यांवर स्थिर व्हायची. पुढे एका डॉक्टरांनी मला यामागचे कारण समजावून सांगितले. दारू मेंदूला सतत मंद करत असते, म्हणून मेंदू स्वतःला तेवढाच जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. मग रात्रभरात दारू उतरली की ती उत्तेजना तेवढी शिल्लक राहते आणि हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते. त्यावर पुन्हा दारूच उतारा म्हणून काम करते. म्हणजे ज्या स्थिर बोटांकडे बघून आम्ही सगळे निश्चिंत होतो, ती दारूनेच स्थिर केलेली होती. यकृताचेही तसेच आहे. ते दुखत नाही, तक्रार करत नाही, बराचसा भाग निकामी होईपर्यंत काम चालवून नेते. वाजवण्यावरून त्याची तब्येत ओळखू पाहणारा माणूस शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत फसणारच होता.

2016 मध्ये एका महत्त्वाच्या महोत्सवाआधी त्याने कोणालाही न सांगता दारू एकदम बंद केली. त्याला वाटले, आठवडाभर कळ काढली की सुटेल. दुसऱ्या रात्री झोप लागली नाही, आणि तिसऱ्या दिवशी पेटीच्या पट्ट्यांवरून मुंग्यांची रांग चालली आहे असे सांगून तो फडक्याने त्या पुसू लागला. शेजारच्या खोलीत कोणीतरी चुकीच्या पट्टीत तानपुरा लावतो आहे, म्हणून तो काकूंवर, म्हणजे त्याच्या आईवर, ओरडला. घरात तानपुरा नव्हता. काकूंना ही बाहेरची बाधा वाटली आणि कोणीतरी अंगारा आणून लावलाही. वहिनींनी मात्र रिक्षा बोलावली. रुग्णालयाच्या दारात त्याला आकडी आली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने वैद्यकीय देखरेखीशिवाय अचानक दारू सोडणे जिवावर बेतू शकते. त्यासाठी ठरावीक औषधे कमी-कमी करत द्यावी लागतात, थायमिनची, म्हणजे ब1 जीवनसत्त्वाची, इंजेक्शने द्यावी लागतात, पहिले काही दिवस माणसाला नजरेखाली ठेवावे लागते, हे आम्हांला त्या दिवशी कळले. 'मनावर घे आणि आजपासून बंद कर' हा सल्ला त्याला शेकडो लोकांनी दिला असेल. त्याने तो पहिल्यांदा पाळला तेव्हा मरता मरता वाचला.

त्यानंतर तो पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, आणि परत आल्यावर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जाऊ लागला. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी सुरू केलेली ही संघटना 1950 च्या दशकात भारतात आली, आणि आज तिच्या सभा मराठीत, साध्या शाळेच्या वर्गांत भरतात. तिथे फी नसते, आडनाव विचारत नाहीत, आणि आयुष्यभराची शपथ घ्यायला लावत नाहीत. फक्त आजच्या दिवसापुरते बोलतात. त्याला हे आवडले. आयुष्यभराचा विचार आपल्याला झेपत नाही, पण एक आवर्तन झेपते, असे तो म्हणाला होता. त्या सभेत एक निवृत्त एसटी चालक होते, त्यांना तो गुरुजी म्हणायचा, आणि रात्री अपरात्री फोन करायचा तो त्यांनाच. मला नाही. त्याचे मला सुरुवातीला थोडे वाईट वाटले, पण मी कधी त्या खड्ड्यात उतरलो नव्हतो आणि गुरुजी उतरून वर आले होते, तेव्हा त्याची निवड योग्यच होती.

ते वर्ष, खरे तर वर्षाहून थोडा अधिक काळ, चांगला गेला. मुलीला तो रोज संध्याकाळी घेऊन बसायचा. मात्र मंचावर जाण्याची त्याला भीती वाटू लागली होती. बाविसाव्या वर्षानंतर न पिता तो एकदाही मंचावर बसलेला नव्हता, आणि आता प्रत्येक पट्टी मोठ्याने ऐकू येते, अशी त्याची तक्रार होती. त्यातच हितचिंतकांनी बोलायला सुरुवात केली. एका ज्येष्ठ रसिकांनी माझ्यादेखत त्याला सांगितले, "वाजवणं स्वच्छ झालंय, पण पूर्वीची नशा नाही." तो हसला. मला त्या गृहस्थांना खोलीबाहेर काढावेसे वाटले.

ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. गायक-नट कुंदनलाल सैगल 18 जानेवारी 1947 रोजी जालंधरमध्ये गेले तेव्हा ते फक्त बेचाळीस वर्षांचे होते, आणि प्यायल्याशिवाय आपल्याला गाता येत नाही, असे ते स्वतःही मानत. 1946 सालच्या 'शाहजहान' चित्रपटाच्या वेळी संगीतकार नौशाद यांनी त्यांच्याकडून एक गाणे पिऊन आणि न पिता असे दोन्ही प्रकारे म्हणवून घेतले, आणि नंतर ऐकवल्यावर सैगलांनी स्वतःच न पिता गायलेले निवडले, ही हकीकत नौशाद सांगत असत. भीमसेन जोशींच्या पिण्याचे किस्से महाराष्ट्रात ज्याला त्याला पाठ आहेत. त्यांनी दारू सोडली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे गायले, ही त्याहून कितीतरी अवघड आणि मोठी गोष्ट मात्र किश्श्यांच्या बैठकीत कोणी सांगत नाही. माझ्या मित्राला पहिल्या प्रकारच्या गोष्टी कॉलेजपासून माहीत होत्या. दुसऱ्या प्रकारची गोष्ट त्याला व्यसनमुक्ती केंद्रात एका समुपदेशकाने सांगितली.

तो पुन्हा का प्यायला लागला, याचे उत्तर माझ्याकडे नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीचा गावभाग पाण्याखाली गेला, त्यात त्याचे भाड्याचे घरही होते, आणि वडिलांची पेटी चिखलात सापडली: डाव्या हाताने हवा भरायच्या भात्याचे कातडे कुजलेले, लाकूड फुगलेले, सुरांवर गंज. अनेक जण त्याच्या पिण्याचा दोष पुराला देतात, पण वहिनी सांगतात की पुराच्या आधी तीन-चार महिने त्याचे सभेला जाणे कमी झाले होते आणि औषधाची बाटली परत आली होती. पूर आणि पुढच्या वर्षीची टाळेबंदी यांनी फक्त वेग वाढवला. कार्यक्रम बंद, शिकवण्या फोनवर, आणि फोनवरून पेटी शिकवताना आवाज मागे-पुढे पोचत असल्यामुळे मुलांबरोबर वाजवताही येत नसे. वहिनींचा शाळेचा पगार चालू होता, त्यावर घर चालले. मे महिन्यात दारूची दुकाने उघडली, तेव्हा रांगेत तो होता.

शेवटचे दीड वर्ष मी थोडक्यात सांगतो. कावीळ झाली, पोटात पाणी साठू लागले, ते सुई घालून काढावे लागे आणि पुन्हा साठे. पाय काडीसारखे आणि पोट नगाऱ्यासारखे झाले. यकृतातून रक्त नीट पुढे जात नसल्याने अन्ननलिकेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि त्यांतली एक फुटून रक्ताची उलटी झाली, तेव्हा ती पहिल्यांदा आटोक्यात आणता आली. यकृत प्रत्यारोपणाचा विषय निघाला, पण त्यासाठी आधी काही महिने दारूपासून पूर्ण दूर राहणे आवश्यक होते आणि खर्चाचा आकडा ऐकून वहिनी गप्पच झाल्या. अधूनमधून त्याला दिवस-रात्र कळेनासे व्हायचे, कारण यकृताने गाळायचे विष मेंदूपर्यंत पोचत होते. एकदा मी भेटायला गेलो तेव्हा तो पलंगाच्या कठड्यावर उजव्या हाताने काहीतरी वाजवत होता. कोणता राग, असे विचारले तर चिडून म्हणाला, "वाजवत नाही रे, हात कापतोय." दुसऱ्यांदा शीर फुटली तेव्हा काही करता आले नाही.

शोकसभेला सभागृह भरले होते. बोलणाऱ्यांनी त्याला मनस्वी म्हटले, कलंदर म्हटले, तो स्वतःच्या मस्तीत जगला आणि राजासारखा गेला असे एकाने सांगितले. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींनी त्याच्या उलट्या साफ केल्या होत्या, पोटावरच्या टाक्यांचे कापसाचे बोळे बदलले होते, सोसायटीच्या कर्जाचे हप्ते फेडले होते. त्यांना यातली मस्ती कुठे दिसली असेल, कोण जाणे. गुरुजीही आले होते. त्यांना कोणी बोलायला सांगितले नाही, कारण ते कोण हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. त्याने ज्यांच्या तुटलेल्या ताना पुऱ्या केल्या होत्या, त्या मुलींपैकी एक, जी आता बरीच नावारूपाला आली आहे, ती मात्र बोलायला उभी राहिली आणि दरबारीतल्या गंधाराबद्दल बोलली. तो बोट कसे उचलायचा, एवढेच तिने सांगितले. त्या संध्याकाळी त्याच्याविषयी झालेले खरे बोलणे तेवढेच.

गेल्या वर्षभरात मी आणि वहिनी मिळून त्याची ध्वनिमुद्रणे गोळा करत आहोत. साथीदाराची ध्वनिमुद्रणे गोळा करणे चमत्कारिक काम आहे, कारण कॅसेटवर, सीडीवर आणि मोबाइलमधल्या फाइलींवर गायकाचे नाव असते, रागाचे असते, कधी तबलजीचेही असते. पेटी कोणाची हे ऐकूनच ओळखावे लागते. तारखा न बघता ऐकले, तर त्याच्या वादनातले पिण्याचे दिवस आणि न पिण्याचे दिवस मला वेगळे करता येत नाहीत. 'नशा नाही' म्हणणाऱ्या त्या रसिकांनाही येणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. वहिनींना येतात. पहिल्या काही मिनिटांतच त्या सांगतात, आणि कागदावरच्या तारखेशी ते दर वेळी जुळते. कसे, असे मी विचारले तेव्हा त्यांनी आवाज वाढवला आणि म्हणाल्या, "भाता ऐका भावजी. प्यायलेले असले की हे भाता लहान-लहान आणि जोरात हाणायचे, लाकडाचा टकटक आवाज येतो बघा मागून. प्यायलेले नसले की एका दमात लांब ओढायचे." आम्ही सगळे उजवा हात ऐकत आलो होतो. ज्या फाइलींमध्ये तो टकटक आवाज येत नाही त्या वहिनींनी मुलीसाठी वेगळ्या ठेवल्या आहेत, बाकीच्या माझ्याकडे आहेत, आणि दोन्हींवर गायकाच्या नावाखाली आता त्याचे नाव घातलेले आहे.